छतातून पाणी ठिबकते आहे. वरच्या काकूंना नोटीस पाठवावी का?

प्रश्न: डोंबिवलीतील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. १९९१ मध्ये बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. गेली दोन वर्षे त्यांच्या बाथरूमच्या छतातून आणि त्याला लागून असलेल्या पॅसेजच्या भिंतीतून पाणी झिरपते आहे. गिलाव्याचे पोपडे पडतात, पॅसेजमधल्या दिव्याच्या होल्डरभोवती पिवळसर कडा उमटली आहे आणि मे महिन्यातही ओल जात नाही. वरच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत. पत्रलेखिका नोकरी करत असताना त्यांचा मुलगा शाळेतून थेट याच काकूंकडे जाई आणि तिथेच जेवत असे. आता गळतीचा विषय काढला की काकू म्हणतात, “मी एकटी बाई, दिवसाला दोन बादल्या पाणी वापरते, माझ्या घरातून कसे गळेल?” बाथरूम उघडायलाही त्या तयार नाहीत आणि पत्रलेखिकेला हा हट्ट वाटतो. मागच्या डिसेंबरात त्या महिनाभर मुलाकडे बंगळूरुला होत्या, तेव्हाही ओल कमी झाली नाही, असे पत्रात ओघात आले आहे. काकूंचा मुलगा फोनवर सांगतो की खालून केमिकल भरून घ्या, निम्मे पैसे मी देतो. सेक्रेटरींचे म्हणणे असे की हा दोन फ्लॅटमधला मामला आहे, सोसायटी त्यात पडणार नाही. पत्रलेखिकेच्या यजमानांना वकिलाची नोटीस पाठवायची आहे आणि प्रश्न सुटेपर्यंत मेंटेनन्स भरायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. गणपतीला घर पाहुण्यांनी भरणार आहे. “नोटीस पाठवून इतक्या वर्षांचे संबंध तोडायचे, की गप्प बसून छताला पीव्हीसीचे पॅनेल लावून घ्यायचे?” असे त्या विचारतात.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. काकू महिनाभर घरात नव्हत्या, बाथरूम कोरडे होते, आणि तरीही तुमच्या छताची ओल कमी झाली नाही. दोन वर्षे तुम्ही, तुमचे यजमान, काकू, त्यांचा मुलगा आणि सेक्रेटरी असे पाचजण या गळतीवर बोलत आहात. परंतु पाणी नेमके कुठून येते हे तुमच्यापैकी कोणी शोधल्याचे पत्रात कुठेच दिसत नाही. पाणी वरून येते म्हणजे ते वरच्या घराचेच असणार, हे सर्वांनी धरून चालले आहे. ते तसे असेलही. पण काकूंच्या बंगळूरु मुक्कामानंतर तरी त्याविषयी शंका यायला हवी होती.

रिकाम्या घराखालचे छत ओले राहण्याची साधारण तीन कारणे असतात. पहिले कारण असे की वापर थांबला तरी टाकीतून येणारी पाण्याची लाइन भरलेलीच असते. भिंतीत किंवा फरशीखाली दडवलेल्या पाइपचा एखादा सांधा गंजला असेल, तर त्यातून रात्रंदिवस पाणी झिरपते आणि घरात कोणी नळ उघडला की नाही याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. म्हणूनच “मी दोनच बादल्या वापरते” हे काकूंचे म्हणणे शंभर टक्के खरे असूनही गळती त्यांच्याकडचीच असू शकते. त्या खोटे बोलत नाहीत आणि तुम्हीही उगाच आरोप करत नाही. दुसरे कारण म्हणजे इमारतीच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, खाली उतरणारा सामाईक पाइप. त्यात चौथ्या मजल्याचेही पाणी असते. तो भिंतीला लागून फुटला असेल, तर पाणी स्लॅबच्या कडेने आत शिरते आणि पॅसेजच्या भिंतीत उतरते. तुमची ओल छताइतकीच भिंतीतही आहे, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिसरे कारण असे की पाणी येणे थांबले होते, पण ओल वाळली नव्हती. जुन्या बाथरूममध्ये फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा जो कोबा असतो, तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि कित्येक आठवडे ते हळूहळू सोडत राहतो.

या तिन्ही शक्यतांमध्ये खर्च कोणी करायचा याचे उत्तर वेगवेगळे आहे, म्हणून आधी शोध आणि मग पत्रव्यवहार. शोध घेणे फारसे अवघड नाही, मात्र त्याला थोडी शिस्त लागते. आज संध्याकाळीच स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने बारीक रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि फोटो काढा. आठवड्याने पुन्हा तेच करा. पेन्सिलीच्या या रेघा पुढे कमिटीपुढे तुमच्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त कामाला येतील. त्यानंतर इमारतीचे काम नेहमी करणाऱ्या प्लंबरला गच्चीवर घेऊन जा. तुमच्या काळातल्या इमारतींमध्ये टाकीपासून खाली येणाऱ्या लाइनींना बहुधा वेगवेगळे कॉक असतात. काकूंना विचारून, त्यांनी दोन बादल्या भरून ठेवल्यावर, त्यांच्या बाथरूमच्या लाइनीचा कॉक एक दिवसभर बंद ठेवा. ठिबकणे मंदावले तर संशय पाण्याच्या लाइनीवर जातो. फरक पडला नाही तर नहाणीचे, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या भोकाचे, तोंड कापडाचा बोळा घालून बंद करावे, बाथरूममध्ये दोन बोटे पाणी साठवून त्यात खाण्याचा लाल रंग मिसळावा आणि ते चोवीस तास तसेच ठेवावे. खाली रंग दिसला किंवा ओल एकदम वाढली, तर दोष फरशीच्या सांध्यांत नाहीतर वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. रंगीत पाणी नुसते नहाणीत सोडून पाहिले आणि त्यानेच खाली रंग उतरला, तर नहाणीचा ट्रॅप (भोकाखालचा पाणी धरून ठेवणारा भाग) किंवा त्याचा सांधा गेलेला असतो. यांपैकी कशानेच काही दिसले नाही, तर हाच प्रयोग चौथ्या मजल्यावर करावा लागेल, आणि तेव्हा काकूंशी चाललेली दोन वर्षांची धुसफूस निष्कारण होती असेही निघू शकेल. रंग उतरायला कधी कधी दोन दिवस लागतात, त्यामुळे एका तासात निकाल देणाऱ्या कारागिराच्या शब्दावर विसंबू नका.

हे सारे करण्यापूर्वी एक काम मात्र लगेच करा. होल्डरभोवती पिवळी कडा आली आहे, याचा अर्थ पाणी वायरच्या नळीपर्यंत पोहोचले असण्याची शक्यता आहे. त्या दिव्याचा एमसीबी बंद ठेवा, इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट तात्पुरता काढून घ्या आणि घरात ईएलसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारे उपकरण) बसवलेला नसेल तर या निमित्ताने बसवा. पाहुण्यांमध्ये लहान मुले असणारच, आणि ओल्या भिंतीवरचे बटण चाचपायला त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

आता सेक्रेटरींविषयी. त्यांचे उत्तर सोयीचे आहे, बरोबर नाही. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांच्या नमुन्यात, दुरुस्तीची जबाबदारी पुरेशी स्पष्टपणे वाटून दिलेली आहे. बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे व ड्रेनेजचे पाइप, टाक्या, गच्ची, जिना आणि पावसाच्या पाण्याची गळती हे संस्थेच्या खर्चाने करायचे असते. संडास, बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाने करायचा असतो, पण तोही संस्थेच्या सहकार्याने. शिवाय पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी आणि कमिटीचा एखादा सदस्य यांनी फ्लॅटमध्ये जाऊन पाहणी करावी, कमिटीला अहवाल द्यावा, सभासदाने करायची दुरुस्ती असेल तर त्याला नोटीस द्यावी, आणि त्याने ती केली नाही तर संस्थेने करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करावा, असा सगळा रस्ता उपविधींनी आखून दिलेला आहे. म्हणजे पाणी काकूंचे असो वा डक्टचे, ते कोणाचे आहे हे पाहणे हे कमिटीचेच काम आहे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत ठरलेले शुल्क भरून तुम्हाला मागता येते. ती मागा आणि दुरुस्तीचे पान स्वतः वाचा. सेक्रेटरी बहुतेकदा आपल्यासारखेच नोकरी करून संध्याकाळी हे काम बघणारे गृहस्थ असतात. त्यांना टाळाटाळ करायची असते असे नाही, पण दोन घरांच्या भांडणात वाईटपणा कोणाला हवा असतो?

म्हणूनच तुमचे पहिले पत्र वकिलाचे नको आणि काकूंच्या नावेही नको. ते कमिटीच्या नावे असू द्या आणि त्यात काकूंविषयी एक शब्दही नको. इतके पुरेल: “आमच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छतातून व पॅसेजच्या भिंतीतून सुमारे दोन वर्षे पाणी झिरपत आहे. सोबत तारखांसह फोटो जोडले आहेत. गळतीचा उगम सामाईक पाइपमध्ये आहे की एखाद्या फ्लॅटमध्ये, हे ठरवण्यासाठी कमिटीने प्लंबरसह पाहणी करावी व तिचा अहवाल लेखी द्यावा, ही विनंती.” दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारीख घ्या. सभासदाचा तक्रार अर्ज कमिटीने पुढच्या सभेत घ्यावा आणि निर्णय १५ दिवसांत कळवावा, अशी उपविधींची अपेक्षा आहे. त्याची आठवण पत्राच्या शेवटी सौम्य शब्दांत करून द्यायला हरकत नाही. तुमच्या मनात लेखी तक्रार म्हणजे संबंध तोडणे असे समीकरण बसले आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जिन्यात आणि दारात तोंडी काढलेल्या विषयाने माणसे दुखावतात, कारण तिथे पाण्यापेक्षा आवाजाचा सूर लक्षात राहतो. कमिटीच्या पत्राने काकूंना निदान असे वाटणार नाही की तुम्ही त्यांच्यावर बोट ठेवता आहात.

पत्र देण्याच्या आदल्या दिवशी मात्र वर जाऊन त्यांना ते वाचून दाखवा. तसे नाही केले आणि कागद त्यांना थेट कमिटीकडून कळला, तर मी वर लिहिलेले सारे व्यर्थ आहे.

काकू बाथरूम उघडायला का तयार नसतील, याचाही जरा विचार करू. तुम्ही त्याला हट्ट म्हणता. पण वन-बीएचकेमध्ये एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईला तिचे एकुलते एक बाथरूम आठ-दहा दिवस फोडून ठेवायला सांगणे म्हणजे काय, हे आपण क्षणभर तिच्या जागी बसून पाहू. जुनी फरशी काढायची, कोबा उकरायचा, नवे वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी साठवून चाचणी, मग फरशी आणि सांधे भरणे. एवढे दिवस घरात अनोळखी माणसे, जिन्यातून डेब्रिजच्या गोण्या, सगळीकडे सिमेंटची धूळ, आणि आंघोळ कुठे करायची हा प्रश्न. खर्च मुलाने करायचा, म्हणजे मुलाकडे पैसे मागायचे. यातली एकही गोष्ट त्या तुम्हाला तोंडाने सांगणार नाहीत. त्या दोन बादल्यांचेच सांगतील. तेव्हा बोलताना पाण्यापासून सुरुवात करू नका, या अडचणींपासून करा. काम चालेल तितके दिवस आंघोळ तुमच्याकडे, जेवण तुमच्याकडे, कारागीर येतील त्या वेळी तुमच्या घरातले एक माणूस वर, आणि डेब्रिज उतरवण्याचे तुम्ही पाहणार, असे स्पष्ट शब्दांत सांगा. ज्यांनी तुमच्या मुलाला रोज वाढले, त्यांना दहा दिवस वाढणे तुम्हाला जड जाणार नाही. आणि हे बोलणे यजमानांनी करण्यापेक्षा तुम्ही करावे. शक्य असल्यास मुलाला बरोबर न्यावे.

त्यांच्या मुलाच्या प्रस्तावाला मात्र नम्रपणे नकार द्या. खालून छतात केमिकलचे इंजेक्शन दिले की ठिबकणे काही काळ थांबते, पण उगमाकडचे पाणी तसेच राहते. ते स्लॅबमध्येच अडकते किंवा दुसरी वाट शोधते. पाणी सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात, गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते आणि खालचे काँक्रीट फुगून तुकड्यांनी पडू लागते. तुमचे छत आणि काकूंची जमीन ही एकच स्लॅब आहे, त्यामुळे नुकसान दोन्ही घरांचे होते. बंगळूरुला राहणाऱ्या मुलाला हे फोनवर समजत नसेल, तर प्लंबरने केलेल्या चाचणीचा व्हिडिओ पाठवा, दोन-तीन कारागिरांची लेखी कोटेशन्स थेट त्याच्याकडे जाऊ द्या आणि वॉटरप्रूफिंगची लेखी हमी देणाऱ्यालाच काम द्यायला सांगा. दोष त्यांच्या बाथरूमचा निघाला, तर बाथरूमचा पूर्ण खर्च त्यांनी करावा यावर ठाम राहा. तुमच्या छताचा गिलावा आणि रंग यांचे पैसेही तुम्हाला मागता येतील. पण माझे मत विचाराल तर तिथे हात सैल सोडा. उगम बंद होणे महत्त्वाचे, रंगाचा डबा कोणी आणला हे नव्हे.

पीव्हीसीच्या पॅनेलचा विचार तर सोडूनच द्या. त्याने डाग दिसेनासा होईल आणि आत सळ्या गंजत राहतील. वर तुमच्या पेन्सिलीच्या रेघाही झाकल्या जातील. गणपतीत पाहुण्यांना ओलीचा डाग दिसला तर दिसू द्या. डोंबिवलीत पावसाळ्यात ज्याच्या घरी डाग नाही असा पाहुणा सापडणे कठीण आहे.

मेंटेनन्स थांबवण्याच्या निर्णयाबाबत मला यजमानांशी स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. राग समजू शकतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. थकबाकीवर संस्था उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते, वसुलीची कारवाई करू शकते, आणि मुख्य म्हणजे तुमच्या गळतीच्या अर्जावर चर्चा होण्याऐवजी सभेत तुमच्या थकबाकीवर चर्चा होते. पैसे भरा. हवे तर पावतीसोबत “गळतीची तक्रार प्रलंबित आहे” असे पत्र जोडा. दुरुस्तीसाठी संस्थेकडे पैसे नाहीत असे सांगितले गेले, तर दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीसाठी) किमान ०.२५ टक्के अशी वर्गणी उपविधींनी ठरवून दिलेली आहे. ती जमा होते का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. इमारतीने तिशी ओलांडली आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवी. शेवटची कधी झाली, हा प्रश्न वार्षिक सभेत अवश्य विचारा. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते, तेव्हा गणपती उठले की तयारीला लागा.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडेसे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीतून होणारी गळती “तुमची तुम्ही बघा” म्हणून ऐकून घेऊ नये. ती संस्थेचीच जबाबदारी आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला लेखी कळवावे, कारण संस्थेशी पत्रव्यवहार सभासदानेच करायचा असतो. आणि जे वरच्या मजल्यावर बाथरूमचे नूतनीकरण काढत आहेत त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी संस्थेला कळवून, नव्या फरशीखाली वॉटरप्रूफिंग नव्याने करून आणि पाणी साठवून चाचणी घेतल्यावरच फरशी बसवावी. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवली की दिसायला काम झटपट होते, पण खालची फट तशीच राहते. डक्ट किंवा बाहेरच्या भिंतीचे काम पाऊस उघडल्यावरच काढावे. घरातल्या बाथरूमच्या कामाला तशी अडचण नसते.

राहिली वकिलाची नोटीस. चाचणी झाली, अहवाल आला, दोष काकूंच्या फ्लॅटचा निघाला, कमिटीची नोटीसही गेली आणि दिवाळी उलटली तरी काहीच हालचाल झाली नाही, तर यजमानांनी ती जरूर पाठवावी. त्यापुढे दुरुस्ती आणि गळतीचे वाद उपविधींनी सहकार न्यायालयाकडे सोपवलेले आहेत, सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालण्यात वेळ जाईल. न्यायालयातही वर्षे जाऊ शकतात, हे मनाशी धरून ठेवावे, आणि तिथपर्यंत जाण्याची वेळ आली तर आज काढलेले तारखेचे फोटो आणि शिक्का मारलेली प्रत हाच तुमचा पुरावा असेल. नोटीस देण्याआधी संस्थेच्या नोंदवहीत तो फ्लॅट कोणाच्या नावावर आहे हे मात्र पाहून घ्या. अशा घरांमध्ये पुष्कळदा वडील गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर मुलाचे नाव चढलेले असते, किंवा कोणाचेच चढवायचे राहून गेलेले असते. मुलगाच सभासद असेल, तर नोटीस बंगळूरुच्या पत्त्यावर जाईल आणि काकूंच्या दारावर पोस्टमन येणारच नाही.